माले ठाऊक नई

बोरीच्या काठाला, गावाच्या खालच्या अंगाला भिलाटी.
पौषात तिथे पहाटे पऱ्हाटीचा धूर
छपरातून निघता निघत नाही.
माझ्या पिशवीत झोळीचा काटा, घड्याळ, साबणाची वडी,
आणि त्या वर्षी दोन डबे :
एकावर निळी चिठ्ठी, एकावर पिवळी.
आत ओले रुमाल, एकाच घडीचे, एकाच वासाचे.

डॉक्टर कासार म्हणाले होते,
एकात जंतू मारायचं औषध आहे,
दुसऱ्यात नुसतं उकळून निववलेलं पाणी.
कशात काय, ते मलाही माहीत नाही,
धुळ्याला पाकिटात बंद आहे.
तुम्ही यादीतला घर नंबर पाहा, चिठ्ठी पाहा,
आणि डोळे सोडून सगळं बाळ पुसा.

मी पुसलं.
मानेच्या घड्या, काखा, जांघा,
बोटांच्या बेचक्या, जिथे आईच्या पोटातलं
पांढरं लोणी साचून राहतं.
सगळ्यात शेवटी बेंबी.
नाळ तेव्हा ओल्या वातीसारखी असते.
एका हातात एक बाळ मावतं.
पावणेदोन किलोचं असलं
तर हात उरतो.

धुडकाबाई राखेची वाटी घेऊन शेजारी बसायची.
अर्ध्या भिलाटीची नाळ तिनेच कापलेली.
मी म्हणायचे, राख नको आजी.
ती म्हणायची, मंग तुन्हं हाई काय शे?
पानी शे का औषद शे?
माले ठाऊक नई.
मग ती हसायची, दोन दातांनी :
माले तं मन्ही राख ठाऊक शे.

तिची पहिली तीन पोरं महिन्याच्या आत गेली.
चौथं झालं तेव्हा तिने ते उकिरड्यावर लोळवलं,
नाव ठेवलं उकिर्डा. मरणाला किळस यावी.
पाचव्याचं दगा. मरणाला दगा.
दोघं जगले.
उकिर्डा आज जिनिंगवर गाठी उचलतो,
दगाच्या घरात माझे मोजायचे दिवस चालू होते.
तिच्या लेखी ही पाहणी केव्हाच झालेली,
पाकीटही फोडलेलं.

सरला मालचेच्या मुलीला नावच नव्हतं.
घर नंबर चौदा. निळी.
अकराव्या दिवशी तिने दूध सोडलं.
पोट गरम, पाय गार,
बेंबीभोवती कुंकू सांडल्यासारखी लाली.
रिक्षा पारोळ्याच्या अलीकडेच होती
तेव्हा सरलाने पदर उघडून पाहिलं
आणि परत झाकला.
ड्रायव्हरला थांब म्हणायला
कुणालाच शब्द सुचेना. तो चालवत राहिला.

मी नीट पुसलं होतं.
वहीत हे लिहायला रकाना नव्हता.

पुढच्या वर्षी आखाजीच्या आधी धुळ्याला बैठक झाली,
चहा, बिस्किटं, कूलरचा आवाज.
पाकीट फोडलं.
पिवळी औषध. निळी पाणी.
कासारांनी आकडे वाचले, लहान बाळांत फरक जास्त म्हणाले,
बायकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.
वही उघडायची गरज पडली नाही.
दगाच्या पोराचीही निळीच होती.
तो आता खाटेचा पाय धरून उभा राहतो, माती खातो.

आता सगळ्यांना पिवळीच.
खरं तर चिठ्ठीच नाही, नुसता डबा.
धुडकाबाई विचारत नाही, वाटी मात्र जवळ ठेवते,
आणि मी ती हळूच खाटेखाली सरकवते.
दोघींनाही ते माहीत आहे.

काल चौदा नंबरवरून जात होते.
सरलाला सातवा लागलाय.
हंडा उतरवून म्हणाली, बस ना वं बाई.
पाणी दिलं. पाय दाबत बसली.
मग जमिनीकडे बघत :
त्या टाइमले मन्ही पोरले काय व्हतं?
पानी व्हतं का औषद?

तीन शब्द, वर्षभर घरोघर बोललेले,
तेव्हा खरे होते.
जिभेवर आले तसेच, सवयीने.
मी पेला तोंडाला लावला
आणि सगळं पाणी संपेपर्यंत
खाली ठेवला नाही.